पिगीची गिटार

आज दिवसभर कानात व्हॉयव्हॉड हा मेटल बँड. सकाळच्या लोकलमध्ये वरची कडी धरून उभा होतो आणि त्यांचा ‘कातॉर्झ’ हा अल्बम लावला.

कॅनडातल्या क्वीबेकमधलं जाँकिएर, अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यांचा भाग. तिथल्या चार पोरांनी १९८२ मध्ये हा बँड काढला. ड्रमर मिशेल लांजव्हँ अल्बमवरची चित्रंही स्वतःच काढतो. पण माझा जीव अडकलाय तो गिटारवाल्या पिगीत, म्हणजे डेनी दामूरमध्ये. त्याचे कॉर्ड पहिल्यांदा कानाला खुपतात, बेसूरच वाटतात. चार वेळा ऐका, मग साधी गिटार अळणी लागते. १९८९ चा ‘नथिंगफेस’ ऐकाच, खरंच सांगतो.

२००५ मध्ये कर्करोगाने पिगी गेला. वय ४५. लॅपटॉपमध्ये त्याने गिटारचे तुकडे रेकॉर्ड करून ठेवले होते. मित्रांनी त्यावर ड्रम, बेस, गाणं चढवून दोन अल्बम पुरे केले, २००६ मध्ये हाच ‘कातॉर्झ’ आणि २००९ मध्ये दुसरा. गेलेल्या दोस्ताच्या गिटारला ठेका धरताना लांजव्हँचे हात कसे चालले असतील?

घाटकोपरला डोळे भरून आले. शेजारच्या काकांनी न बोलता सरकून जागा दिली. बसलो, आणि अल्बम पुन्हा पहिल्यापासून लावला.