पूर्ण गुण मिळालेला सर्व्हर

नेटवर्क ऑपरेटिंग सिस्टिम कशी बसवायची आणि कशी सांभाळायची हे सपोर्टमधल्या लोकांना शिकवणं, हे माझं काम. बाहेरच्यांना वाटतं की यात बसवणं हाच मोठा भाग असेल. तसं नाही. यंत्राचं नाव, स्थिर आयपी पत्ता आणि डीएनएससाठी, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्यासाठी, ते कुणाकडे बघतंय, एवढं आधी नीट केलं की विंडोज सर्व्हर बराचसा आपला आपण बसतो. माझा वेळ जातो तो यंत्रं बिघडवण्यात. वर्ग सुटला की मी लॅबमध्ये बसून उद्याचे बिघाड रचते. एका सर्व्हरचं घड्याळ पाच मिनिटांहून जास्त पुढे ढकललं की लॉगिन करणाऱ्याची ओळख पटवणारी कर्बेरॉस पद्धत ओळखपत्रं नाकारायला लागते, आणि विद्यार्थी तासभर पासवर्ड आणि केबल तपासत राहतात. डीएनएसमधल्या एसआरव्ही नोंदी, म्हणजे कुठली सेवा कुठल्या सर्व्हरवर आहे हे सांगणाऱ्या नोंदी, काढून टाकल्या की सर्व्हर समोर धडधडीत चालू असतो आणि तरी यंत्रांना तो सापडत नाही. ज्याचं लक्षण एका जागी दिसतं आणि मूळ दुसरीकडेच असतं, तो चांगला बिघाड. असे बिघाड मला रचता येतात याचा मला अभिमान आहे.

मी सांगतेय तो दिवस मात्र प्रात्यक्षिक परीक्षेचा होता आणि त्या दिवशीचा बिघाड माझा नव्हता. परीक्षेचा प्रश्न आणि गुणतक्ता दोन्ही वरून येतात. परीक्षकानं तक्त्यात खुणा करायच्या, बेरीज करायची, सही करायची.

प्रश्न ज्यानं काढला त्याला विषय कळत होता, हे आधी सांगते. दोन डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांची खाती ठेवणारे आणि लॉगिन तपासणारे सर्व्हर, आहेत, विंडोज सर्व्हर २०१६ चे, दोन्ही व्हर्च्युअल. दुसऱ्याची डिस्क खराब झाल्यावर आधीच्या तंत्रज्ञानं त्या डिस्कची जुनी प्रत काढून तिच्या जागी ठेवली आणि सर्व्हर सुरू केला. आता दुसऱ्या सर्व्हरवरून कुणाचं लॉगिन होत नाही. दुरुस्त करा. वेळ नव्वद मिनिटं.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे या खात्यांच्या सामाईक नोंदवहीत, प्रत्येक डोमेन कंट्रोलर आपल्याकडच्या प्रत्येक बदलाला चढता क्रमांक देतो. त्याला यूएसएन म्हणतात. जोडीदार सर्व्हर लक्षात ठेवतो की तुझ्याकडचं अमुक क्रमांकापर्यंतचं मी घेतलेलं आहे, आणि पुढच्या वेळी त्याच्यापुढचंच मागतो. जुनी डिस्क परत ठेवली की सर्व्हरचा क्रमांक मागे जातो, जोडीदाराची आठवण मात्र मागे जात नाही. रीतसर सिस्टिम स्टेटच्या बॅकअपमधून सर्व्हर परत आणला तर तो आपला इन्व्होकेशन आयडी, म्हणजे आपल्याकडच्या प्रतीची ओळख, बदलतो आणि जोडीदार त्याचे बदल नव्यानं मोजायला लागतो. नुसती डिस्कची प्रत ठेवली तर आपण मागे गेलोय हे त्याचं त्यालाच कळत नाही.

एनटी ४.० च्या काळात हा प्रकार नव्हता. तिथं लिहिण्याचा अधिकार एकट्या प्रायमरी कंट्रोलरला होता, बाकीचे प्रती सांभाळत. विंडोज २००० पासून सगळ्यांना लिहिता यायला लागलं आणि हे दुखणं त्याच्याबरोबर आलं. विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये व्हर्च्युअल यंत्रासाठी जनरेशन आयडीची सोय आली, म्हणजे स्नॅपशॉट, यंत्राची जपून ठेवलेली जुनी स्थिती, परत आणली तर सर्व्हरला ते कळतं. पण त्यासाठी व्हर्च्युअल यंत्रं चालवणाऱ्या खालच्या हायपरव्हायझरनं तो आयडी पुरवावा लागतो, आणि परीक्षेच्या लॅबमधला जुना हायपरव्हायझर तो पुरवत नाही. कितीतरी कार्यालयांत अजून हीच स्थिती आहे, म्हणून प्रश्न मला आवडला होता.

जोडीदार बदल मागायला आला आणि त्याच्याकडे आपल्यापेक्षा मोठा क्रमांक आहे हे दिसलं, की मागे गेलेल्या सर्व्हरला गडबड कळते. मग तो इव्हेंट लॉगमध्ये २०९५ क्रमांकाची नोंद टाकतो, दोन्ही बाजूंचं रेप्लिकेशन, म्हणजे बदलांची देवघेव, बंद करतो, लॉगिन हाताळणारी नेट लॉगऑन सेवा थांबवून ठेवतो आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, ‘डीएसए नॉट रायटेबल’ नावाची खूण करतो. थोडक्यात, आपल्यामुळे बाकीच्यांना इजा होऊ नये म्हणून स्वतःला कोंडून घेतो. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं स्पष्ट आहे: ही खूण हातानं काढू नका. त्या सर्व्हरचं डोमेन कंट्रोलरपण जबरदस्तीनं काढा, त्याच्या उरलेल्या नोंदी दुसऱ्या सर्व्हरवरून साफ करा आणि त्याला नव्यानं प्रमोट करा, म्हणजे पुन्हा डोमेन कंट्रोलर बनवा.

परीक्षेला बसलेल्यांतल्या दोघांबद्दल लिहायचं आहे.

पहिला मुलगा आमच्या तुकडीतला सगळ्यात तल्लख. त्यानं २०९५ ची नोंद वाचली, रजिस्ट्रीतली खूण शोधली, पुसली. खूण पुसून सर्व्हर सुरू केला तरी जोडीदार पुन्हा विचारायला येईल आणि पुन्हा पकडलं जाईल, हे त्याच्या लक्षात आलं. इथंच बहुतेक लोक अडकतात. तो अडकला नाही. त्यानं पहिल्या सर्व्हरची नेटवर्क जोडणी काढली, दुसरा रीस्टार्ट केला आणि पॉवरशेलमध्ये चार ओळी लिहून तीनशे खोटे वापरकर्ते तयार केले. टेस्ट००१ पासून टेस्ट३०० पर्यंत. प्रत्येक नव्या वापरकर्त्यामागे यूएसएन पुढे सरकतो. तो जोडीदाराच्या आठवणीतल्या क्रमांकापुढे गेला की त्यानं जोडणी परत लावली, रेप्लिकेशन चालू केलं आणि नेट लॉगऑन सुरू केलं. आता जोडीदार विचारायला आला तेव्हा सगळं जुळत होतं. रेप्लिकेशन तपासणारं ‘रेपॲडमिन’ म्हणालं, शेवटचा प्रयत्न यशस्वी. दुसऱ्या सर्व्हरवरून लॉगिन झालं. नव्वदातली चाळीस मिनिटंही झाली नव्हती.

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. क्रमांक मागे गेलाय तर तो पुढे ढकलावा, हे त्यानं तिथल्या तिथं ताडलं. मी त्याच्या मागे उभी होते आणि मला एकाच वेळी कौतुकही वाटत होतं आणि धडकीही भरत होती.

दुसरी विद्यार्थिनी हेल्पडेस्कवरून आलेली. शांत, वेगानं टाइप न करणारी. तिनंही तीच नोंद वाचली. मग तिनं रजिस्ट्री उघडलीच नाही. दोन्ही सर्व्हरवरच्या वापरकर्त्यांच्या याद्या वेगवेगळ्या काढल्या आणि समोरासमोर ठेवल्या. प्रत काढल्यानंतर दुसऱ्या सर्व्हरवर तयार झालेले कर्मचारी आता फक्त पहिल्यावर उरले होते. दुसऱ्यावर असं काही आहे का जे पहिल्यावर नाही, हे तिनं तपासलं, कारण डोमेन कंट्रोलरपण काढलं की ते कायमचं जाणार होतं. जे सापडलं ते कागदावर उतरवलं. पाचही एफएसएमओ भूमिका, म्हणजे एका वेळी एकाच सर्व्हरकडे असणारी खास कामं, पहिल्या सर्व्हरकडेच आहेत याची खात्री केली. मगच तिनं जबरदस्तीचं डिमोशन केलं, मेटाडेटा, म्हणजे त्या सर्व्हरच्या उरलेल्या नोंदी, साफ केला, डीएनएसमधल्या मेलेल्या नोंदी एकेक करून काढल्या आणि सर्व्हर पुन्हा प्रमोट करायला घेतला. लॅबच्या डिस्क मंद आहेत. वेळ संपली तेव्हा पडद्यावर प्रमोशनची पट्टी सरकत होती.

गुणतक्त्यात पाहायचं होतं ते असं: नेट लॉगऑन चालू आहे का, रेप्लिकेशनमध्ये त्रुटी दिसते का, दुसऱ्या सर्व्हरवरून वापरकर्ता आत येतो का, आणि हे सगळं वेळेत झालं का. मुलाला पूर्ण गुण. तिचा सर्व्हर त्या क्षणी डोमेन कंट्रोलरच नव्हता, त्यामुळे एकही खूण करता आली नाही. नापास.

परीक्षा संपल्यावर मी मुलाला थांबवून घेतलं आणि त्याच्याच यंत्रावर तिच्यासारख्या दोन याद्या काढल्या. दुसऱ्या सर्व्हरवर तीनशे खोटे वापरकर्ते होते. पहिल्यावर त्यातले शेवटचे दोनशेच्या आसपास. सुरुवातीच्यांचे क्रमांक जोडीदाराच्या मते त्यानं आधीच घेतलेले होते, म्हणून त्यानं ते कधी मागितलेच नाहीत आणि मागणारही नाही. उलट बाजूनं, खरे कर्मचारी पहिल्यावर होते पण दुसऱ्यावर परत येणार नव्हते, कारण आता दुसरा सर्व्हर सांगत होता की माझे स्वतःचे बदल माझ्याकडे पूर्ण आहेत. दोन्ही बाजू एकमेकींना ‘सगळं ठीक’ म्हणत होत्या.

मग मी एसआयडीचा, म्हणजे प्रत्येक खात्याच्या ओळख क्रमांकाचा, रकाना दाखवला. वापरकर्ता तयार करताना सर्व्हर आपल्याला मिळालेल्या आरआयडीच्या, म्हणजे एसआयडीच्या शेवटी येणाऱ्या आकड्यांच्या, गठ्ठ्यातून पुढचा आकडा देतो. डिस्क मागे गेली तेव्हा तो गठ्ठाही मागे गेला होता. म्हणजे जे आकडे खऱ्या कर्मचाऱ्यांना दिले गेले होते, तेच पुन्हा टेस्ट००१ आणि त्याच्या पुढच्यांना मिळाले. एकच एसआयडी, पहिल्या सर्व्हरच्या लेखी एक माणूस आणि दुसऱ्याच्या लेखी दुसरा. फोल्डरवरची परवानगी नावाला नसते, एसआयडीला असते. लेखा विभागातल्या कुणाला दिलेला अधिकार दुसऱ्या सर्व्हरवरून आत आलेल्या भलत्याच माणसाला मिळतो, आणि तपासायला गेलं तर कुठल्याही लॉगमध्ये लाल खूण नसते.

तो बराच वेळ दोन्ही रकाने वाचत होता. मग म्हणाला, “मॅडम, हे मला कळायला हवं होतं. पण तक्त्यात हे कुठं होतं?”

नव्हतंच. तक्ता परीक्षेआधी सगळ्यांना वाचायला मिळतो. मुलगा लबाड नाही. त्याला जे मोजणार म्हणून सांगितलं तेच त्यानं आणून दिलं.

माझ्याबरोबरच्या परीक्षकांशी त्या संध्याकाळी माझा वाद झाला. ते वर्षानुवर्षं प्रत्यक्ष सपोर्टमध्ये काढलेले गृहस्थ, त्यांचं बोलणं मी हलकं घेत नाही. त्यांचं म्हणणं असं: “रात्री दोन वाजता माणसं कामावर खोळंबली आहेत. आधी सेवा सुरू करा, मग दुसऱ्या दिवशी शांतपणे दुरुस्त करा. तुम्ही वर्गात बसून विचार करता.” सेवा आधी, हे मलाही मान्य आहे. पण इथं पहिला सर्व्हर धडधाकट होता. दुसरा बंद ठेवला असता तर लोक पहिल्यावरून आत आले असते; दोन कंट्रोलर ठेवतात ते याचसाठी. घाई कशाचीच नव्हती, फक्त घड्याळाची होती. आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त करायचं म्हणजे काय? कोंडून घेतलेला सर्व्हर निदान सांगतो की मी आजारी आहे. क्रमांक पुढे ढकलून बाहेर काढलेला सर्व्हर ते सांगायचं थांबतो. पुढच्या महिन्यात एखाद्याचा पासवर्ड एकीकडून चालेल आणि दुसरीकडून चालणार नाही, तेव्हा हेल्पडेस्क त्याला पासवर्ड बदलून देईल आणि तिकीट बंद करेल. मूळ कुणी शोधणार नाही, कारण पट्टी हिरवी आहे.

सपोर्टच्या सगळ्या व्यवसायातच हे मुरलंय, असं मला वाटतं. तिकीट किती वेळात बंद झालं हे मोजतात, पुन्हा का उघडलं हे क्वचित मोजतात. प्रशिक्षण देणारे आम्ही त्याच मापानं परीक्षा घेतो, आणि मग शिकून बाहेर पडलेला माणूस लॉग न वाचता सेवा रीस्टार्ट करतो म्हणून त्याच्या नावानं बोटं मोडतो.

गुण मी तक्त्याप्रमाणेच दिले. ते माझ्या हातात नव्हतं. पण दोन्ही सर्व्हरच्या याद्या, एसआयडीच्या रकान्यासकट, उत्तरपत्रिकांना जोडल्या आणि सविस्तर टिपण लिहिलं: या प्रश्नाला एक अट वाढवा, की दोन्ही सर्व्हरवरचे वापरकर्ते आणि त्यांचे एसआयडी जुळले पाहिजेत. उत्तर सभ्य होतं. सगळ्या केंद्रांवर मोजमाप एकसारखं राहायला हवं, याद्या जुळवायला परीक्षकांना वेळ लागेल आणि प्रत्येक जण वेगळा निष्कर्ष काढेल. यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. जे दोन परीक्षकांना सारखंच दिसतं ते मोजणं सोपं असतं. पण हे तर एका आज्ञेचं काम आहे. पॉवरशेलला दोन्ही सर्व्हर वेगवेगळे विचारा आणि तुलना करा. ते मी पुन्हा लिहून पाठवलं आहे.

मुलाला नोकरी लागली. मुलाखतीत त्याला सर्व्हर बंद पडल्याची केस विचारली आणि त्यानं छान सांगितली असं कळलं. ते काम त्याला जमेल याबद्दल मला शंका नाही, आणि त्या संध्याकाळी त्यानं ज्या तऱ्हेनं रकाने वाचले ते बघता तो पुन्हा तसं करणार नाही अशी आशा आहे. आशाच आहे, खात्री देता येत नाही.

ती पुन्हा परीक्षेला बसतेय. प्रश्न याच प्रकारचा येतो आणि तक्ता तोच आहे, हे तिला माहीत आहे. परवा लॅबमध्ये येऊन तिनं सरळ विचारलं, “मॅडम, या वेळी त्याच्यासारखं करू का? पास होऊन मग कामावर बरोबर करेन.” मी तिच्याबरोबर बसून मागच्या खेपेचे टप्पे पुन्हा मोजले. डीएनएसच्या नोंदी एकेक करून काढण्यातला वेळ वाचवता येतो. पहिल्या सर्व्हरवरच्या यूझर्स अँड कंप्युटर्स या साधनातून जुन्या कंट्रोलरचं खातं काढलं की मेटाडेटा त्याच्याबरोबर साफ होतो, तिथं ती निष्कारण लांबचा रस्ता धरत होती. डिमोशनआधी याद्या समोरासमोर ठेवून फरक कागदावर उतरवण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला होता. तो टप्पा गाळला तर ती नव्वद मिनिटांत नक्की बसते. तो गाळ असं मी तिला सांगितलं नाही.