नागपूरच्या उन्हाळ्यात ४.८ गिगाहर्ट्झ: माझा अनुभव

माझ्या डेस्कटॉपमध्ये इंटेलचा कोअर आय५-९६००के हा सहा कोअरचा प्रोसेसर आहे आणि मदरबोर्ड झेड३९० चिपसेटचा, म्हणजे मल्टिप्लायर (१०० मेगाहर्ट्झला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा) वाढवायची सोय दोन्हीकडून. घरांच्या आराखड्यांची रेंडरं, म्हणजे खऱ्यासारखी दिसणारी चित्रं, काढताना ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर सहाही कोअर तासन्‌तास राबवतं. तेव्हा मूळचा वेग ४.३ गिगाहर्ट्झ असतो. तो वाढवायचं, म्हणजेच ओव्हरक्लॉक करायचं, जानेवारीत मनावर घेतलं.

बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये, व्होल्टेज ‘ऑटो’वर अजिबात सोडू नका. बरेच बोर्ड गरजेपेक्षा जास्त देतात आणि ते सगळं उष्णतेत जातं. मी व्होल्टेज हाताने ठरवलं, मल्टिप्लायर ४३ वरून एकेक पायरी चढवला आणि प्रत्येक पायरीला आधी सिनेबेंच ही प्रोसेसरची चाचणी, मग ब्लेंडरचंच एखादं लांबलचक काम लावलं. निळी स्क्रीन आली की व्होल्टेज किंचित वाढवायचं. ४.८ ला १.२५ व्होल्टवर मशीन टिकलं. ५.० ला मात्र १.३५ लागले, आणि तिथे मी थांबलो.

कारण साध्या गणितात आहे. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. मूळच्या ४.३ ला माझ्या चिपला सुमारे १.१० व्होल्ट लागायचे. ४.८ ला वेग १२ टक्के वाढतो, उष्णता जवळजवळ ४५ टक्के. ५.० ला वेग १६ टक्के, उष्णता ७५ टक्के! शेवटच्या चार टक्क्यांसाठी एवढा ताप घेण्यात अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता थंडाव्याचा भाग, आणि विदर्भात खरी कसोटी इथेच. परदेशी चाचण्या बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. पण हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा) असो की पाण्याचा कूलर, प्रोसेसर खोलीपेक्षा थंड करणं दोघांनाही शक्य नाही. म्हणून कोअरच्या तापमानातून खोलीचं वजा करायचं आणि उरेल तो आकडा लक्षात ठेवायचा. माझा जुना हीटसिंक चार हीट पाइपांचा (उष्णता पात्यांपर्यंत नेणाऱ्या नळ्या), एका १२० मिलिमीटर पंख्याचा. जानेवारीत खोली २२ अंश, कोअर ७९; फरक ५७. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, माझी वरच्या मजल्यावरची खोली ४० ला जाते, म्हणजे कोअर ९७. हा प्रोसेसर १०० अंशांना स्वतःच वेग कमी करतो. हिवाळ्यात सुरळीत चाललेलं ओव्हरक्लॉक मे महिन्यात कोलमडणार हे कागदावरच दिसत होतं.

२४० मिलिमीटरच्या लिक्विड कूलरचा विचार केला. पण त्यातलं पाणीही शेवटी उष्णता त्याच खोलीच्या हवेत सोडतं, आणि पंप गेला तर सगळंच बदलावं लागतं. मी सहा हीट पाइपांचा, दोन मनोऱ्यांचा, दोन पंख्यांचा हवेवरचा हीटसिंक घेतला. पंखा बिघडला तर बाजारात सहज दुसरा मिळतो. घेण्याआधी उंची मात्र नक्की मोजा: असे हीटसिंक साधारण १६० मिलिमीटर उंच असतात आणि अरुंद कॅबिनेटची बाजूची काच मग बंद होत नाही. पुढचा पंखा रॅमच्या काठ्यांवर येतो, तेही बघा. बसवताना स्क्रू आडव्या-तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळायचे, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) सारखी पसरते.

कॅबिनेटचं पुढचं बंद पॅनेल काढून जाळीचं बसवलं, त्याचा फायदा अपेक्षेपेक्षा जास्त झाला. खोलीतल्या डेझर्ट कूलरचा झोत मात्र मशीनवर थेट येऊ देत नाही. इथलं पाणी जड, तुषारांबरोबर क्षार उडतात.

आता फरक ४४ अंशांवर आहे. नवतपातल्या दुपारी रेंडर चालू असताना कोअर ८४-८५ वर राहिला, वेग ४.८ वरून हलला नाही. तरी बायोसमध्ये ४.६ गिगाहर्ट्झचं, कमी व्होल्टेजचं दुसरं प्रोफाइल साठवून ठेवलं आहे. वीज जाऊन खोलीतला कूलर बंद पडला आणि मशीन इन्व्हर्टरवर असलं की तेच लावतो.