५६ डिग्री, २ रुपयांची सोलर आणि आमचे मामाजी

हवामान बदल खरा की खोटा हा वाद आमच्याकडे नेमका लाइट बिल आलं की पेटतो. एकीकडे मामाजी, ज्यांची सगळी नोकरी औष्णिक वीज केंद्रात बॉयलरजवळ गेली, आणि दुसरीकडे माझी कॉलेजातली पोरगी. मामाजींचं ठरलेलं वाक्य, "ग्लोबल वॉर्मिंग वगैरे काही नसते बे, सोलरवाल्यांचा धंदा आहे सगळा, नागपुरात काय पहिले ऊन नव्हतं?" पोरीचं ठरलेलं वाक्य, कोळसा उद्यापासून बंद करा, सोलर फुकट आहे. मी मधात बसतो आणि दोन्हीकडून बोलणी खातो, कारण माझं म्हणणं एवढंच की पृथ्वी तापते का हा प्रश्न फिजिक्सचा आहे आणि वीज कितीला पडते हा हिशोबाचा, पण आपण दुसऱ्याचा राग पहिल्यावर काढतो.

मामाजींचा आवडता पुरावा म्हणजे मे २०२४ चे ५६ डिग्री. आठवत असेल, नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ चा आकडा आला आणि सगळा देश नागपूरकरांना फोन करून जिवंत आहे का विचारत होता. मग हवामान खात्यानंच सांगितलं की सेन्सर बिघडला होता, खरं तापमान ४४ च्या आसपासच होतं. मामाजी म्हणतात, "पाहा, थर्मामीटरच खोटं तुमचं." अहो पण खोटं पकडलं कोणी, खात्यानंच ना? एक आकडा बाजूच्या आकड्यांशी जुळला नाही म्हणून तो फेकला, याला तर तपासणी म्हणतात. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी ५६ चा फोटो फिरवून "बघा क्लायमेट चेंज" ओरडणारे पण तेवढेच येडे होते. एका दुपारीवरून काहीच सिद्ध होत नाही. नागपूरचा ४७.९ चा उच्चांक २०१३ च्या मे मधला, पुढच्या प्रत्येक मे मध्ये तो मोडायलाच पाहिजे असं थोडीच आहे.

मग मामाजी सूर्यावर येतात. सूर्यच जास्त तापून राहिला म्हणतात. आता सूर्य जास्त तापला असता तर वातावरण खालपासून वरपर्यंत सगळंच तापलं असतं, पण मोजमाप असं सांगतं की खालचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा, म्हणजे स्ट्रॅटोस्फियर, थंड होतोय. हे कार्बन डायऑक्साइडसारख्या गॅसमुळे होत असेल तर असं दिसतं, आणि असंच दिसेल हे हवामान शास्त्रज्ञ मनाबे यांनी १९६७ सालीच कॉम्प्युटरवर काढून दाखवलं होतं, त्यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. त्याच्याही आधी स्वीडनच्या आऱ्हेनियस या शास्त्रज्ञानं १८९६ मध्ये, हा गॅस वाढला तर पृथ्वी किती तापेल याचा कागदावर हिशोब केला होता. तेव्हा कुठं होता सोलरवाल्यांचा धंदा?

"पण हवेत कार्बन डायऑक्साइड आहेच किती, ०.०४ टक्के!" हा त्यांचा हुकमी पत्ता. आणि इथंच मला मजा आली, कारण बॉयलरच्या माणसाला बॉयलरमधूनच उत्तर देता येतं. मी विचारलं, मामाजी, फर्नेसमधल्या गरम गॅसमधून ट्यूबकडे रेडिएशननं उष्णता जाते तेव्हा हिशोबात कोणता गॅस धरता? नायट्रोजन? ते लगेच म्हणाले, "नाही ना, नायट्रोजन काही फेकत नाही, सीओटू आणि वाफ." मग आकाशातही तेच दोघं उष्णता पकडतात, नायट्रोजन ऑक्सिजन नुसते गर्दी करतात, टक्का कमी दिसला तरी काम त्यांचंच. १९५८ ला हवाईच्या मौना लोआवर मोजायला लागले तेव्हा दहा लाखात ३१५ भाग होते, आता ४२० च्या वर गेले. मामाजी दोन मिनिटं पोहे खात राहिले, मग म्हणाले, "बरं, ते जाऊ दे, बिल काहून वाढते ते सांग."

हा आता खरा प्रश्न. गुजरातमध्ये डिसेंबर २०२० ला सोलरचा लिलाव युनिटला १ रुपया ९९ पैशांवर गेला, त्याच्या आधी २०१७ ला राजस्थानात भादलाला २ रुपये ४४ पैसे. पोरगी हेच आकडे नाचवते. पण ते सोलर पार्कच्या दाराशी, दुपारचे. आपल्या बिलावर बघा, स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क. तारा, ट्रान्सफॉर्मर, गळती, शेतीपंपांची सवलत, सगळं त्याच्यात बसतं. शिवाय जुन्या कोळशाच्या करारांत वीज उचलली नाही तरी प्लँट तयार ठेवल्याचे पैसे द्यावेच लागतात. म्हणून दुपारी स्वस्त सोलर आली तरी आपल्या बिलात ती दिसत नाही, आणि मामाजींना वाटतं सोलरनंच बिल वाढवलं.

बरं, कोळसा स्वस्त म्हणायचा तर त्याचं पण पूर्ण बिल काढा. आपला कोळसा राखेचा, युनिटला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम लागतो. उन्हाळ्यात कूलर, फ्रिज, पंप धरून महिन्याला ३०० युनिट जाळणारं घर घ्या, सगळी वीज कोळशाची धरली तर २०० किलो कोळसा, म्हणजे गव्हाची ४ पोती असतात तेवढा, आणि त्यातली एक पोतं भरून वर राख उरते. ही राख नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडे पडते, शहरातल्या धरमपेठेत नाही येत. जुलै २०२२ मध्ये कोराडीचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि शेतात, नाल्यात राखच राख झाली, त्याचा आकार तुमच्या-माझ्या बिलात कोणत्या ओळीत आहे? धुरातला गंधक काढायची यंत्रं लावा असा नियम २०१५ ला आला, मग वर्षानुवर्षं मुदतीवर मुदत मिळत गेली.

आता पोरीच्या फुकटवर. आमच्या छतावर ३ किलोवॉट आहे, ७८ हजार सबसिडी मिळाली, मी खुश आहे. पण नागपूरचं ऊन म्हणजे सोलरला सोनं असं ज्यांना वाटतं त्यांनी मे मध्ये दुपारी वर जाऊन पॅनलला हात लावून बघावा. पॅनल २५ डिग्रीवर मोजलेलं असतं, त्यावर प्रत्येक डिग्रीला साधारण ०.३५ टक्के कमी देतं, आणि ते ६५ पर्यंत सहज तापतं, म्हणजे १४ टक्के तिथंच गेले. त्याच्यावर धूळ बसते ती वेगळी, सकाळी काच थंड असताना पाणी मारावं लागतं. मार्च मे पेक्षा बरा जातो अन् श्रावणात तर विचारूच नका. बिल शून्य येत नाही, स्थिर आकार येतोच.

आणि रात्रीचा मुद्दा मामाजींचा शंभर टक्के बरोबर आहे. ८ वाजता अख्ख्या नागपूरचे कूलर चालू असतात अन् सूर्य नसतो. दुपारची वीज रात्रीसाठी ठेवायची म्हणजे बॅटरी, नाहीतर घाटघरच्या वीज प्रकल्पासारखं पाणी वर चढवून परत खाली सोडायचं, पण घाटघर २५० मेगावॉटचं आहे आणि एकटं कोराडी २००० च्या वर. साठवणुकीचा खर्च धरल्याशिवाय २ रुपये २ रुपये करू नये.

शेवटी मामाजी एवढ्यावर आले की, "चल, गरम होऊन राहिलं मान्य, पण जुन्या प्लँटचे पैसे कोण भरन?" मी म्हटलं जुन्यांचे भरूच, पण कोराडीला ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच लावायची जनसुनावणी २०२३ ला झाली, ते उभे राहिले तर त्यांचा करार पुढची २५ वर्षं आपल्याच बिलात राहील, मग तेवढ्याच पैशात बॅटरी किती येते ते आधी मोजायला नको का? मामाजी म्हणाले, "मोज ना, पण मोजेपर्यंत संध्याकाळी कूलर बंद ठेवशील?" पोरगी म्हणाली ठेवू. तिच्या आईनं मात्र साफ नाही म्हटलं.