पॅकेज हातात पडल्यावर

बाइकच्या अपघातात माझ्या धाकट्या भावाच्या मणक्याला मार बसला, तेव्हापासून त्याचे पाय हलत नाहीत. मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी रुग्णालयाच्या चकरा, फिजिओथेरपी, कॅथेटर, बेडसोअर हे सगळं घराच्या अंगवळणी पडत असतानाच सीताबर्डीतल्या एका हॉटेलात बाहेरगावच्या क्लिनिकचं ‘मोफत स्टेम सेल मार्गदर्शन शिबिर’ लागलं. स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशी. आई म्हणाली, ऐकून तर येऊ.

हॉल गच्च भरला होता. पडद्यावर वॉकर धरून चालणारा एक माणूस दाखवत होते. क्लिनिकचा इथलाच एजंट माइकवर म्हणाला, “आपल्या विदर्भात सिकलसेलची पोट्टी स्टेम सेलनं बरी होऊन राहिली ना? मग मणका काहून नाही होणार?” अर्ध्या हॉलनं मान डोलावली. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. तो असलेल्या आमच्याच मोहल्ल्यातल्या एका मुलाचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालंय, म्हणजे हाडातल्या मज्जेतल्या स्टेम सेल बदलल्यात, आणि तो आता सायकल दामटत शाळेत जातो. त्यामुळे हा मुद्दा आईच्या मनात घट्ट बसला.

मी पतसंस्थेत काम करते. कागद वाचल्याशिवाय सही न करायची सवय तिथलीच. त्यांनी दिलेल्या फाइलमध्ये वर रंगीत दरपत्रक होतं: एका ‘सेशन’चे दीड लाख, तीन घेतली तर सूट. खालच्या संमतीपत्रात बारीक अक्षरात छापलं होतं, ‘सदर उपचार प्रायोगिक स्वरूपाचा असून परिणामाची हमी नाही, याची मला कल्पना आहे.’ प्रयोग त्यांचा, जोखीम भावाची आणि पैसे आमचे! सूट तेवढी त्यांची.

मेडिकलमधल्या डॉक्टरांसमोर फाइल ठेवली. आधी सिकलसेलचंच विचारलं. ते म्हणाले, तिथे मज्जेतल्या पेशी आपलं नेहमीचंच काम करतात, म्हणजे रक्त तयार करतात. जुनी मज्जा केमोनं नष्ट करून दुसऱ्याची निरोगी मज्जा देतात. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक. त्यातही जंतुसंसर्ग होऊ शकतो, नवी मज्जा शरीरावरच उलटू शकते. तरीही तो मान्य उपचार आहे, कारण त्यामागे अनेक दशकांचा अभ्यास आहे. भारतातलं पहिलं प्रत्यारोपण 1983 साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालं. मणक्याच्या बाबतीत मात्र पोटातल्या चरबीतून काढलेल्या पेशी टोचायच्या आणि त्यांनी तुटलेल्या नसा जोडाव्यात अशी अपेक्षा धरायची. तसं होतं हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असले उपचार मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच, म्हणजे रुग्णांवरच्या रीतसर चाचणीतच व्हायला हवेत, आणि ट्रायलमध्ये रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत.

मग त्यांनी जिम गास या अमेरिकन माणसाची केस सांगितली. पक्षाघातानंतर त्यानं चीन, अर्जेंटिना आणि मेक्सिकोत जाऊन स्टेम सेलची इंजेक्शनं घेतली. पुढे त्याच्या मणक्यात गाठ वाढली, आणि त्या गाठीतल्या पेशी त्याच्या स्वतःच्या नव्हत्याच. 2016 मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आई तेव्हापासून गप्प होती.

ट्रायल असेल तर तिची नोंद सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर असते; 2009 पासून ती सक्तीची आहे. मी क्लिनिकला फोन करून नोंदणी क्रमांक मागितला. आधी “सर मीटिंगमध्ये आहेत”, मग “आमचं सगळं सरकारमान्य आहे, ताई”, आणि मी सोडत नाही म्हटल्यावर व्हॉट्सॲपवर एक क्रमांक आला. नोंद खरीच होती, पण गुडघ्याच्या संधिवाताची! संस्था वेगळी, शहर वेगळं, मणक्याचा उल्लेखसुद्धा नाही. तरी नुसता क्रमांक पाहून कितीतरी जण गप्प बसत असतील. त्यात नोंदणी म्हणजे मंजुरी नव्हे, हेही डॉक्टरांनी बजावलं होतं.

शेवटी निर्णय भावाचाच होता. त्याला सगळे कागद दाखवले. पैशाचं, गाठीचं तो फारसं बोलला नाही. त्याला खटकली ती डॉक्टरांनी जाता जाता सांगितलेली गोष्ट: आधी कुठे स्टेम सेल घेतलेल्या रुग्णाला पुढच्या ट्रायलमध्ये बहुतेक वेळा घेत नाहीत. “म्हणजे खरं काही निघालं तर मी बाहेरच ना?” एवढं म्हणून त्यानं फाइल मिटली.

एजंटचे फोन बरेच दिवस येत होते. सूट वाढत गेली, एकदा तर राहायची सोयही फुकट झाली. फाइलच्या झेरॉक्ससह तक्रार मी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पाठवलीय, पोचपावती आली आहे. भाऊ आता सीटीआरआयवर मणक्याच्या नोंदी स्वतःच चाळतो. परवा एक सापडली, पण त्यात इजा अगदी ताजी असलेलेच रुग्ण हवे होते. फिजिओथेरपी सकाळी आठला असते, ती चालू आहे.