बार्बाडोसच्या दगडातला समुद्र

२९ जून २०२४. बार्बाडोसच्या ब्रिजटाउनला भारताने टी-२० विश्वचषकाची फायनल जिंकली तेव्हा माझा घसा पार बसला होता. दुसऱ्या दिवशी सगळे समुद्रावर गेले आणि मी गेले रस्त्याकडेचा दगड बघायला. भूगर्भशास्त्र शिकल्यापासून या बेटाचं वेड आहे मला.

बेटाचा बहुतेक भाग प्रवाळाच्या चुनखडीचा आहे, तोही पायऱ्यापायऱ्यांचा. घाटाच्या पायऱ्या मोजाव्यात तशा मी त्या मोजत गेले. एका पायरीच्या कापलेल्या कडेत पंजासारखी रुंद फांदी दिसली. अ‍ॅक्रोपोरा पाल्माटा! हे प्रवाळ मुख्यतः वरच्या पाचेक मीटर पाण्यात वाढतं. म्हणजे ते सापडलं, की तिथे कधीकाळी समुद्राचा पृष्ठभाग जवळच होता.

आणि केव्हा होता? प्रवाळ वाढताना समुद्रातलं युरेनियम घेतं, थोरियम जवळपास नाहीच. पुढे युरेनियमपासून थोरियम साठत जातं. ते मोजलं की वय कळतं. मात्र प्रवाळाचं मूळचं खनिज अ‍ॅरागोनाइट बदलून कॅल्साइट झालं असेल, तर तो तुकडा बाजूला ठेवायचा. एक पायरी सुमारे सव्वा लाख वर्षांची निघाली. बेट स्वतःही उचललं जातंय, हजार वर्षांत साधारण ३० सेंटीमीटर, तेव्हाची समुद्राची पातळी काढताना ते वजा करावं लागतं.

उलटा पुरावा पाण्याखाली. भूवैज्ञानिक रिचर्ड फेअरबँक्स यांनी इथल्या किनाऱ्याबाहेर भोकं पाडून प्रवाळ काढलं. १९८९ साली त्यांनी मांडलं, की हिमयुगात समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता.

त्या फांदीवर मी कितीतरी वेळ हात ठेवून उभी होते.