फ्रीझरमधलं निफाड

जानेवारीत नाशिकला थंडीचा कडाका पडला की आमच्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. पहाटे निफाडहून मामांचा फोन आणि बुधवारी गंगेवरच्या बाजारातून मटार. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, बाहेरच्यांनी गोंधळून जाऊ नये.) मामा सांगतात, "आज पानांवरचं दव गोठलं गं." ते द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून उभे असतात, आणि मी इकडे शाल गुंडाळून शेंगांच्या ढिगापुढे.

पाच किलो शेंगांतून दाणे निघतात जेमतेम दोन-सव्वादोन किलो. बाकी सगळी सालं घंटागाडीत. सोलताना सगळं घर मदतीला येतं आणि दाणे खाऊन परत जातं, हा हिशेब वेगळाच.

सासूबाईंचं मत, दाणे सोलायचे आणि सरळ पिशवीत कोंबायचे. "त्यात काय शिजवायचंय?" एका वर्षी मी निमूटपणे तसंच केलं. होळीपर्यंत दाण्यांचा रंग उतरला आणि पुलावाला वाळल्या गवताचा वास येऊ लागला. गारठ्यात दाणा झोपतो खरा, पण त्याच्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, पुरती झोपत नाहीत. हळूहळू का होईना, रंग आणि चव खात राहतात. तेव्हापासून उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग जुन्या पंच्यावर अगदी कोरडे. ताटात पसरून तासभर फ्रीझरमध्ये ठेवायचे आणि दाणे सुटे गोठले की पिशवीत भरायचे. नाहीतर मार्चमध्ये मूठभर मटारांसाठी अख्खा गोळा ओट्यावर आपटावा लागतो आणि खालच्या मजल्यावरून विचारणा होते. सासूबाई आता हे सगळं शेजारणीला स्वतःची पद्धत म्हणून सांगतात. मी ऐकून घेते.

खोवलेला नारळ फ्रीझरमध्ये सुखाने नांदतो. चिंचेचा कोळही. रश्शातला बटाटा मात्र मुळीच नाही, तो बाहेर काढला की भिजलेला स्पंज. पाणी सावकाश गोठलं की त्याचे मोठे स्फटिक होतात आणि भाजीच्या पेशी आतून फोडतात. वितळल्यावर पाणी बाहेर, चोथा आत. म्हणून पिशव्या पातळ आणि चपट्या भराव्यात, लवकर गोठतात. हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात आमच्या फ्रीझरमध्ये आइसक्रीमचे जुने डबे आहेत. मुलगा मोठ्या आशेने एकेक उघडतो आणि आत नारळाचा चव बघून मिटवतो.

पण खरी कथा बर्फाची. आमचा फ्रिज जुना, एका दाराचा. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि तिच्यातलं पाणी फ्रीझरच्या भिंतींवर जाऊन बसतं. पावसाळ्यात तर विचारू नका. हा थर अर्ध्या सेंटिमीटरच्या पुढे गेला की फ्रिजच्या अंगावरची गोधडीच होते. गारवा आतल्या जिनसांपर्यंत पोचत नाही आणि कॉम्प्रेसर बिचारा घरघरत राहतो. उपाय नॉबच्या मधोमधच असतो, ते छोटं बटण. दाबायचं, दार उघडं टाकायचं, फार तर गरम पाण्याचं पातेलं आत ठेवायचं आणि खाली फडकी अंथरून गप्प बसायचं.

गप्प बसणं हेच अवघड. गौरी-गणपतीच्या आदल्या आठवड्यात एकदा मला घाई होती. सारणासाठी सहा नारळ खोवून तयार, आणि फ्रीझरमध्ये हाताचा पंजा शिरेल एवढीही जागा नाही. मी सुरी घेतली. दोन मोठे तुकडे खळ्ळकन निघाले, मला जोर चढला, आणि तिसऱ्या घावाला आतून आवाज आला, फिस्स्. अशा फ्रीझरच्या ॲल्युमिनियमच्या भिंतीतच गॅसचे बारीक मार्ग असतात, हे मला त्या क्षणी कळलं.

मेकॅनिक आला. "ताई, सुरी लावली होती ना?"

"नाही हो."

त्याने काही न बोलता बॅटरी त्या भोकावर धरली. मी चहा ठेवायला आत गेले.

त्या वर्षी आमचं सारण तीन शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये विखुरलेलं होतं. मोदक केले तेव्हा एका घरून डबा परत आला, त्यात चव कमी आणि माशाचा वास जास्त.

गेल्या फेब्रुवारीत मामा घरी आले, तेव्हा मी बटण दाबून, मांडी घालून फ्रिजसमोर बसले होते. तुकडे धपकन ताटात पडत होते. मामा बघत राहिले. म्हणाले, "आम्ही रात्रभर जागून दव हाकलतो, आणि तुम्ही विजेचं बिल भरून ते घरात पाळता होय?"

काय बोलणार? वेधशाळेचा पारा 5-6 अंश दाखवतो, तेव्हाही निरभ्र रात्री पानांची ऊब आकाशात निघून जाते आणि पान शून्याला टेकतं. मग पहाटे ठिबक सोडा, शेकोट्या करा, धूर करा. एवढं करूनही साखर भरलेल्या मण्यांना तडे जातातच, आणि तडा गेलेला मणी व्यापारी हातातही धरत नाही. मामांनी तसेच चार किलो आणले होते, पाटीत, वर वर्तमानपत्र टाकून.

संध्याकाळी फ्रीझर कोरडा, लख्ख आणि रिकामा झाला. मी मणी धुऊन, पुसून ताटात पसरले आणि आत ठेवले. रात्री जेवणं झाल्यावर बाहेर काढले. वरून गारेसारखे कडक, पण साखरेमुळे द्राक्ष पाण्याइतकं दगड होत नाही, आत दाताखाली मऊ सरबत. मामांनी एक गालात धरला. थंडीने डोळे मिटले.

"गोड आहे," म्हणाले, "पण बाजारात कोण घेणार?"

आणि ताट स्वतःकडे ओढलं.