अ‍ॅटनबरो आडनावाचा माग : आतापर्यंतची प्रगती

चित्रपट दिग्दर्शक रिचर्ड आणि निसर्गपटांचे डेव्हिड या बंधूंमुळे अ‍ॅटनबरो हे नाव जगभर पोचलं, पण आडनाव म्हणून ते विरळच. त्याच नावाचं मूळ गाव इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर काउंटीत (परगण्यात), ट्रेंट नदीकाठी, बीस्टनजवळ.

नकाशा १८८१च्या जनगणनेवरून केला. राहण्याचं ठिकाण धरलं तर लंडन उगाच फुगतं, म्हणून जन्मस्थळाचा रकाना घ्यायचा आणि आकडा लोकसंख्येच्या लाखामागे मांडायचा. मग नॉटिंगहॅमशायर आणि शेजारचं डर्बीशायर ठळक उठून दिसतं. १८४१ची जनगणना या कामी लंगडी: तिथे जन्मस्थळ म्हणजे ‘याच काउंटीत का?’ एवढंच, आणि पंधरावरची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली.

सगळ्यांत जास्त घोळ जन्म, विवाह, मृत्यू यांच्या नोंदणी जिल्ह्याचा. अ‍ॅटनबरो पॅरिशमधली (एका चर्चच्या हद्दीतली) चिलवेल आणि टोटन ही गावं नॉटिंगहॅमशायरातली, पण १८३७नंतरची त्यांची नोंद शार्डलो जिल्ह्यात, म्हणजे बव्हंशी डर्बीशायरात. काउंटीची चाळणी लावून शोधलंत तर ही माणसं गळालीच म्हणून समजा. स्पेलिंगही सैल ठेवा: दोन ‘टी’ऐवजी एक, कधी ‘डी’, शेवटी बरो, बॅरो, बरी काहीही.

आईचं माहेरचं आडनाव जन्मनोंदींच्या जुन्या तिमाही सूचीत सप्टेंबर १९११पासूनच मिळतं. महानिबंधक कार्यालयाच्या नव्या ऑनलाइन सूचीत मात्र थेट १८३७पासून. तो रकाना कोरा असेल तर बहुधा विवाहबाह्य जन्म. वंशवृक्षावर तिथे खूण करा, कारण बापाकडून मुलाकडे जाणारं वाय-गुणसूत्र आणि आडनाव यांची साखळी तिथेच तुटते.

गुणसूत्रांचं म्हणाल तर किंग आणि जोबलिंग या आनुवंशशास्त्रज्ञांच्या २००९च्या अभ्यासात तपासलेल्या अ‍ॅटनबरोंपैकी ८७ टक्के एकाच गटाचे निघाले, तेही इंग्लंडात कमी आढळणाऱ्या ‘ई’ हॅप्लोगटातले (वाय-गुणसूत्राच्या ‘ई’ वंशशाखेतले). योगायोग म्हणून हे सोडता येत नाही. पण ‘मूळपुरुष एकच’ असा शिक्का मारायची घाई नको. सुरुवातीला चार घराणी असतील आणि तिघांचा पुरुषवंश खुंटला असेल, तरी आज चित्र असंच दिसेल.

म्हणून पुढचा टप्पा मृत्युपत्रांचा. १८५८पूर्वी ती चर्चच्या न्यायालयात मंजूर होत, आणि नॉटिंगहॅमशायर १८३७पर्यंत यॉर्कच्या धर्मप्रांतात होतं. त्यामुळे यॉर्कच्या बॉर्थविक संस्थेत, म्हणजे तिथल्या अभिलेखागारातही ती शोधावी लागतील. नुसत्या नॉटिंगहॅमवर भागवू नका.